सोंटहाइमची दोन अपत्ये

जर्मन माल म्हटला की आपल्या मराठी माणसाचा आवाज जरा खाली येतो, गाभाऱ्यात शिरल्यासारखा. सुट्टीत घरी जाताना बॅगेत सोलिंगेनची कात्री असते, मेहुण्यासाठी ड्रिल मशीन असते, आणि तिकडे कोणी किंमत ऐकून भुवई उंचावलीच तर "जर्मन आहे हो" एवढेच म्हणायचे. पुढे कोणी काही विचारत नाही. ही श्रद्धा निराधार आहे असे मी म्हणणार नाही. ह्या देशात यंत्रांच्या आणि यंत्रे चालवणाऱ्या प्रोग्रॅमांच्या सान्निध्यात इतकी वर्षे काढल्यावर तसे म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पण श्रद्धेची अधूनमधून परीक्षा घ्यावी, आणि ती घेणारी एक वस्तू ह्या लेखाचा विषय आहे. ती आपल्यापैकी कोणाच्या घरात नसेल, नसावी. ती म्हणजे स्वस्त रिव्हॉल्व्हर.

मंडळी, "आपल्या अंकात हा कसला विषय?" असे म्हणून पान उलटू नका. आपल्या घरात शस्त्र म्हणजे खंडेनवमीला पूजेत मांडलेला पाना किंवा स्क्रू-ड्रायव्हर, हे मला ठाऊक आहे. पण ज्या कारखान्याची ही गोष्ट आहे त्याचे दुसरे अपत्य आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेले आहे, आणि पुण्या-पिंपरीच्या एखाद्या वर्कशॉपमध्ये त्याला झेंडूची माळही घातली गेली असेल.

उल्म शहराच्या ईशान्येला, ब्रेन्त्स नावाच्या लहानशा नदीकाठी, सोंटहाइम नावाचे गाव आहे. तिथे ऱ्योम ही कंपनी आहे. १९०९ साली थुरिंगियातल्या त्सेला भागात, म्हणजे बंदूकवाल्यांच्या मुलखात, हाइनरिश ऱ्योम ह्यांनी ती काढली, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर ती पश्चिमेला येऊन सोंटहाइमला स्थिरावली. (वाल्थर ही प्रसिद्ध पिस्तूलवाली कंपनीही त्याच मुलखातून त्याच सुमारास उल्मला आली. निर्वासितांनी आणलेले कसब हा ह्या देशाच्या उद्योगाचा मोठा अध्याय आहे, पण तो पुन्हा कधी तरी.) ऱ्योमचे नाव गाजले ते चकसाठी. ड्रिलचा चक, लेथचा चक, काम पकडून ठेवणारी प्रत्येक तऱ्हेची यंत्रणा. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे नाव सांगावे लागत नाही.

ह्याच कंपनीने महायुद्धानंतर हातात धरायची शस्त्रेही बनवायला घेतली. आवाजाची आणि गॅसची पिस्तुले होतीच, पण त्याबरोबर खरी गोळी झाडणारी लहान रिव्हॉल्व्हरेही होती: आरजी-१०, आरजी-१४, आरजी-२३ अशी नावे. आरजी म्हणजे ऱ्योम गेझेलशाफ्ट. ही रिव्हॉल्व्हरे मुख्यतः अमेरिकेच्या बाजारासाठी होती आणि त्यांची किंमत इतकी कमी होती की गहाणवटीच्या दुकानातल्या काउंटरवर ती घड्याळांच्या आणि ट्रान्झिस्टरच्या शेजारी पडून असत. असल्या मालाला तिकडे जे कुत्सित नाव पडले, "शनिवार रात्रीची स्पेशल", त्याचे उदाहरण म्हणून लोक आरजीच दाखवू लागले.

आता माझ्यासारख्या इंजिनियरला जे खटकते ते सांगतो. चकचे काम काय? ड्रिलचा अक्ष आणि स्पिंडलचा अक्ष एका रेषेत आणायचा आणि तसाच धरून ठेवायचा. बस्स. चकचे सगळे गुणावगुण एवढ्यातच आहेत. डायल गेज लावायचा, स्पिंडल हाताने फिरवायचा आणि काटा किती डुलतो ते बघायचे. चांगला चक असेल तर काटा मिलिमीटरच्या काही शतांशांवर हलत नाही.

आणि रिव्हॉल्व्हरचे काम काय? चाप ओढला की एक लहानसा दात सिलिंडरला एक घर पुढे ढकलतो, खालून एक खुंटी वर येऊन सिलिंडरच्या खाचेत बसते, आणि गोळीच्या घराचा अक्ष नळीच्या अक्षासमोर येऊन थांबतो. तो नीट समोर आला तर गोळी सरळ नळीत शिरते. थोडा जरी बाजूला राहिला तर गोळीची एक कड नळीच्या तोंडावर तासली जाते आणि शिशाचे कण फटीतून बाजूला उडतात, कधी झाडणाऱ्याच्याच हातावर, कधी शेजारी उभ्या असलेल्याच्या गालावर. म्हणजे प्रश्न तोच, दोन अक्ष एका रेषेत आणण्याचा! जगात हा प्रश्न ज्यांना सर्वांत चांगला कळत होता, अशांपैकी एका कारखान्याच्या नावावर असे रिव्हॉल्व्हर निघाले की ज्याच्याविषयीची मुख्य तक्रारच ही होती की सिलिंडर जागेवर थांबत नाही आणि कडेने शिसे उडते. ह्याला अज्ञान म्हणता येणार नाही. हा निर्णय होता.

निर्णयाची खूण धातूत दिसते. आरजी-१० आणि आरजी-१४ ह्यांची चौकट जस्ताच्या मिश्रधातूची, ओतीव. नळीत तेवढी पोलादी नळकांडी बसवलेली. ह्या मिश्रधातूला झामाक म्हणतात. झिंक, अॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबे ह्यांच्या जर्मन आद्याक्षरांवरून ते नाव आले आहे. चारशे अंशांच्या आत वितळतो, साच्यात सुरेख भरतो, मिनिटात कितीतरी नग निघतात. दाराच्या मुठी, नळाच्या तोट्या, मुलांच्या खेळण्यातल्या मोटारी, जुन्या स्कूटरचे कार्बोरेटर ह्यांना तो उत्तम. पण जिथे पोलादाचा दात जस्तावर वारंवार घासतो तिथे हळूहळू झीज ठरलेली. दुसरी गोष्ट हॅमरची. रिव्हॉल्व्हर हातातून पडले तर हॅमरला धक्का बसून गोळी सुटू नये म्हणून मध्ये एक लहानशी आडपट्टी घालण्याची युक्ती विसाव्या शतकाच्या आरंभापासून सर्वांना माहीत आहे. एक पट्टी, एक स्प्रिंग, थोडे जास्त काम. सर्वांत स्वस्त रिव्हॉल्व्हरांत नेमके हेच गाळले जाते, कारण ते दुकानात दिसत नाही.

३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनच्या हिल्टन हॉटेलाबाहेर जॉन हिंकलीने अध्यक्ष रेगन ह्यांच्यावर सहा गोळ्या झाडल्या, त्या आरजी-१४ मधून. हे रिव्हॉल्व्हर त्याने आदल्या वर्षी डॅलसमधल्या गहाणवटीच्या दुकानातून सुमारे ४७ डॉलरना घेतले होते. दोन सेकंदांच्या आत सहाही गोळ्या सुटल्या. एक गोळी मोटारीवर आपटून रेगनना लागली, एक त्यांचे प्रसिद्धिसचिव जेम्स ब्रेडी ह्यांच्या डोक्यात गेली. ब्रेडी जन्माचे अपंग झाले आणि २०१४ साली वारले, तेव्हा डॉक्टरांनी तो मृत्यू त्या जुन्या जखमेचाच ठरवला. शस्त्र क्षुद्र होते म्हणून अध्यक्ष वाचले, असे बोलणारे तेव्हा होते आणि आजही भेटतात. मला हे बोलणे पटत नाही. त्या दिवशी ते रिव्हॉल्व्हर सहाही वेळा चालले. बेभरवशाचे यंत्र म्हणजे न चालणारे यंत्र नव्हे. ते कधी चालेल हे सांगता येत नाही, एवढेच. गुन्हेगाराला ते एकदा चालले तरी पुरते, बहुतेक वेळा नुसते दाखवले तरी पुरते. रात्री उशिरापर्यंत दुकान उघडे ठेवणाऱ्या ज्या माणसाने ते भीतीपोटी गल्ल्याखाली ठेवले आहे, त्याला मात्र ते नेमक्या त्या एका क्षणी चालायला हवे असते, आणि उरलेली दहा वर्षे, खाली पडले तरी, चालायला नको असते. म्हणजे ह्या मालाचा खरा तोटा प्रामाणिक गिऱ्हाइकाच्याच वाट्याला येतो.

हा माल अमेरिकेत पोचला कसा, हा भाग मला कंपनीच्या चातुर्याचा वाटतो, आणि "चातुर्य" हा शब्द मी कौतुकाने वापरलेला नाही. केनेडी आणि किंग ह्यांच्या हत्यांनंतर १९६८ साली अमेरिकेने शस्त्रांचा नवा कायदा केला. खेळासाठी किंवा शिकारीसाठी योग्य नसलेली पिस्तुले परदेशातून आणायला बंदी आली. आयातीसाठी गुणांची पद्धत ठरली: लांबी, वजन, धातू, सुरक्षेची सोय, ह्यांना गुण. रिव्हॉल्व्हर स्वतःच्या वजनाइतका आघात हॅमरवर छत्तीस इंचांवरून पाच वेळा सोसून दाखवायचे, ही अटही त्यातच. सोंटहाइमच्या मालाला ह्या परीक्षेत पास होणे अवघड होते. पण कायदा आयातीचा होता, जोडणीचा नव्हता. कंपनीने फ्लोरिडातल्या मायामीला आर. जी. इंडस्ट्रीज नावाची उपकंपनी काढली. सुटे भाग तिथे न्यायचे आणि तिथेच जोडायचे. जे रिव्हॉल्व्हर बंदरावर नापास झाले असते ते मायामीच्या शेडमध्ये जन्माला येऊन अमेरिकन नागरिक झाले. पळवाट कायदेशीर होती. पण परीक्षा चुकवण्यासाठी जेवढे डोके चालवले त्याच्या चौथाई डोक्यात ती आडपट्टी बसवून झाली असती.

ग्राहकाविषयी ह्या धंद्यात काय भावना होती, ती एका निकालपत्रात वाचायला मिळते. मेरीलँड राज्यात किराणा दुकानातल्या एका कर्मचाऱ्याला दरोड्यात छातीत गोळी लागली. रिव्हॉल्व्हर आरजीचे होते. खटला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९८५ साली न्यायालयाने असा निकाल दिला की असल्या हलक्या, सहज लपणाऱ्या, भिकार घडणीच्या शस्त्राला गुन्ह्याखेरीज फारसा उपयोग नाही हे बनवणाऱ्याला आणि विकणाऱ्याला माहीत असते, म्हणून त्याची जबाबदारी त्यांच्यावर येते. निकालपत्रात कंपनीच्या एका विक्रेत्याच्या तोंडचे म्हणून जे नमूद आहे (आरोप म्हणून, हे सांगायला हवे) ते असे: एका रिव्हॉल्व्हरबद्दल त्याने दुकानदाराला सांगितले की तुमचे दुकान गरीब वस्तीच्या जवळपास असेल तर हे झकास खपेल, आणि दुसऱ्या एका मॉडेलबद्दल, की हे खपते खूप, पण आपल्यात म्हणून सांगतो, हा असला कचरा आहे की मी स्वतः झाडायला धजावणार नाही.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. सोंटहाइमच्या चक विभागातला एखादा फिरता विक्रेता एखाद्या फोरमनला आपल्या चकबद्दल असे म्हणाला असता, तर त्या फोरमनने पुढच्याच दिवशी दुसऱ्या कंपनीला फोन लावला असता. फोरमनजवळ डायल गेज होता, पत्र लिहायला कंपनीचा लेटरहेड होता, आणि पुढच्या वर्षीची ऑर्डर त्याच्या हातात होती. गहाणवटीच्या दुकानातल्या गिऱ्हाइकाजवळ ह्यांतले काहीच नव्हते.

त्याच्या मदतीला सरकारही नव्हते. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षेचे खाते १९७२च्या कायद्याने निघाले, पण त्याच कायद्यातून बंदुका वगळलेल्या आहेत. खेळण्यातली बंदूक सदोष असेल तर ते खाते ती बाजारातून परत बोलवायला लावू शकते, खरी असेल तर नाही. आपल्या इथली, म्हणजे जर्मनीतली, गोष्ट पाहा. इथे नागरी बाजारात येणारी प्रत्येक बंदूक सरकारी परीक्षागृहात जाते. उल्मचे परीक्षागृह त्यांतलेच एक. नेहमीपेक्षा जास्त दाबाची गोळी झाडून ती फुटत नाही हे बघायचे आणि मगच शिक्का मारायचा. (हा शिक्का बळाचा असतो, भरवशाचा नव्हे. गोळी सरळ जाईल असे तो सांगत नाही. पण निदान हात शाबूत राहील.) आणि ज्या १९६८ साली अमेरिकेने तो आयातीचा कायदा केला, त्याच वर्षी इथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने एक प्रसिद्ध निकाल दिला. सदोष लशीमुळे एका कुक्कुटपालकाच्या चार हजारांवर कोंबड्या मेल्या होत्या. न्यायालय म्हणाले की दोष कारखान्यात कसा झाला हे त्या बिचाऱ्याने सिद्ध करायचे नाही. आपली चूक नव्हती हे कारखान्याने सिद्ध करायचे. जर्मन उत्पादकाच्या जबाबदारीचा कायदा ह्या कोंबड्यांवर उभा आहे. सोंटहाइमला हा कायदा लागू होता. पण त्यांचे ते गिऱ्हाईक समुद्रापलीकडे होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. स्वस्त शस्त्राला नावे ठेवणे म्हणजे गरिबाला स्वसंरक्षण नाकारणे, श्रीमंताने पाचशे डॉलरचे घ्यावे आणि झोपडपट्टीतल्याने हात जोडून बसावे, असे अमेरिकेत पुष्कळांचे म्हणणे आहे. शस्त्र घरात ठेवल्याने संरक्षण होते की नाही, हा वाद मी बाजूला ठेवतो. माझे मत वाचकांनी ओळखलेच असेल. पण स्वस्त म्हणजे बेभरवशाचे, हे समीकरणच खरे नाही. ओहायोमध्ये हाय-पॉइंट नावाची पिस्तुले बनतात. बेढब आणि जड, वरची सरकपट्टी त्याच जस्ताच्या मिश्रधातूची. बंदूकवाले त्यांची यथेच्छ टिंगल करतात. पण पिस्तूल चालते, आणि बिघडले तर कंपनी ते आयुष्यभर फुकट दुरुस्त करून देते, तुम्ही पहिले मालक असा वा पाचवे. धातू तोच, गिऱ्हाईकही तेच. फरक कुठे पडला ते निराळे सांगायला नको.

उलट टोकाचे उदाहरण कॅलिफोर्नियातले. आयातबंदीमुळे रिकामी झालेली जागा तिथल्या कारखान्यांनी भरली. ब्रायको त्यांपैकी एक. तिच्या एका पिस्तुलाची रचना अशी की आतली गोळी काढून टाकायची तर आधी सुरक्षेचा खटका उघडावा लागे. १९९४ साली एका घरात पिस्तूल रिकामे करतानाच गोळी सुटली आणि सात वर्षांचा मुलगा मानेखाली कायमचा लुळा झाला. २००३ साली ज्यूरीने कंपनी आणि तिच्या मालकावर दोन कोटी डॉलरांहून अधिक भरपाई लादली. कंपनीने लगेच दिवाळे काढले. लिलावात कारखाना जुन्या फोरमननेच घेतला आणि नव्या नावाने सुरू केला. त्या मुलाच्या बाजूनेही बोली लागली होती, कारखाना घेऊन उरलेली पिस्तुले वितळवण्यासाठी. ती थोडक्यात हरली.

गिऱ्हाईक बलाढ्य असले की काय होते हे बघायला जर्मनीत परत येऊ. जर्मन सैन्याच्या जी-३६ रायफली तापल्यावर नेम सोडतात अशी तक्रार आली. २०१५ साली संरक्षणमंत्री फॉन डेर लायन ह्यांनी जाहीर केले की आजच्या स्वरूपातल्या ह्या रायफलीला सैन्यात भवितव्य नाही. आयोग नेमले गेले, चाचण्या झाल्या, आणि प्रकरण कोब्लेन्त्सच्या न्यायालयात गेले. २०१६ साली निकाल कंपनीच्या, म्हणजे हेक्लर उंड कोखच्या बाजूने लागला. सरकारने करारात जे मागितले होते ते मिळाले आहे, असा त्याचा मथितार्थ. सॉफ्टवेअरच्या धंद्यात हा सीन आम्ही महिन्यातून एकदा तरी बघतो. पण सरकार हरले तरी तक्रार ऐकली गेली, मोजमापे झाली, कागद पुढे आले. आरजीचा एकही मालक मोजमापे घेऊन कोब्लेन्त्सला जाऊ शकला नसता.

आणि भारतात? तिथे तिसराच प्रकार. १९८०च्या दशकाच्या मध्यापासून नागरिकांसाठी परदेशी शस्त्रे आणणे जवळजवळ बंद झाले, आणि परवानाधारकाला नवे रिव्हॉल्व्हर हवे तर वर्षानुवर्षे कानपूरच्या सरकारी कारखान्याच्या दारातच उभे राहावे लागे. २०१४ साली तिथूनच खास स्त्रियांसाठी म्हणून 'निर्भीक' नावाचे रिव्हॉल्व्हर निघाले, किंमत सव्वा लाखाच्या घरात. म्हणजे स्वस्ताईचा प्रश्नच नव्हता, पण नापसंत पडले तर जायचे कुठे? अलीकडे खाजगी कारखान्यांना परवानगी मिळाली आहे. त्यांचे गुणदोष यथावकाश कळतील.

"मेड इन जर्मनी" ह्या शब्दांचा इतिहास आपल्या मुलांना शाळेत सांगत असतील तर बरे. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात फ्रान्त्स रॉयलो हा जर्मन यंत्रशास्त्रज्ञ सरकारी प्रतिनिधी म्हणून गेला होता. आमचा माल स्वस्त आहे आणि वाईट आहे, असे त्याने मायदेशी कळवले. लोक खवळले. १८८७ साली ब्रिटिशांनी कायदा केला की परदेशी मालावर देशाचे नाव हवे, म्हणजे शेफील्डची नक्कल करणारा हलका माल गिऱ्हाइकाला ओळखता येईल. तो शिक्का इशारा म्हणून आला होता. पुढच्या काही दशकांत जर्मन कारखानदारांनी त्याचा अर्थ उलटा करून दाखवला, आणि त्यात रॉयलोसारख्यांच्या शिव्यांचा वाटा मोठा आहे. सोंटहाइमच्या रिव्हॉल्व्हरला असा कोणी घरचा टीकाकार भेटल्याचे माझ्या वाचनात नाही.

आर. जी. इंडस्ट्रीज १९८६ साली बंद झाली. मेरीलँडचा तो निकालही फार टिकला नाही. १९८८ साली विधिमंडळाने तो कायदा करून रद्द केला, आणि त्याबदली कोणती पिस्तुले राज्यात विकता येतील ह्याची यादी ठरवणारे मंडळ नेमले. रेगनवरच्या हल्ल्यात जखमी झालेल्या पोलिसाने कंपनीवर लावलेला दावा वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९८९ साली फेटाळला. आरजी रिव्हॉल्व्हरे मात्र अजून अमेरिकेत खणाखणांतून पडून आहेत. सुटे भाग मिळत नाहीत, आणि बरेच दुरुस्तीवाले ती हातातही घेत नाहीत. ऱ्योमच्या लेथच्या चकचे जबडे झिजले तर नवा संच आजही मागवता येतो.

ऱ्योमने आपला शस्त्रविभाग २०१० साली आर्न्सबेर्गच्या उमारेक्स कंपनीला विकला. ऱ्योम हे नाव आता गॅसच्या आणि आवाजाच्या पिस्तुलांवर दिसते. त्यांच्या नळीत अडथळा असतो आणि बहुतेकांची चौकट जस्ताच्या मिश्रधातूचीच असते, जेणेकरून कोणी फेरफार करून खरी गोळी झाडू पाहील तर ती साथ देणार नाही. खऱ्या रिव्हॉल्व्हरचा दुर्गुण इथे गुण ठरतो. २०१५ सालच्या कोलोनच्या त्या नववर्षरात्रीनंतर आपल्या काही कुटुंबांतूनही ही पिस्तुले घ्यावीत का अशी विचारणा झाली होती, अजूनही होते. अठरा वर्षे पूर्ण असलेल्या कोणालाही ती विकत मिळतात, पण घराबाहेर बाळगायची तर २००३पासून लहान शस्त्रपरवाना लागतो, आणि पोलिसाला दुरून ते पिस्तूल खरेच दिसते, हे लक्षात घ्यावे. मला विचाराल तर त्या पैशांत दाराला चांगले कुलूप बसवून घ्या. कुलूप बसवायला ड्रिल लागेल. चकवर सोंटहाइमचे नाव असेल तर खुशाल वापरा.